आमची वाटचाल : एम-एटी, दोन कॅन आणि अक्कांचं विरजण

गाईचं दूध पिवळसर का दिसतं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. गाईच्या दुधात कॅरोटीन तसंच उतरतं, म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. एवढंच. पण १९९४ साली सोलापुरात अशोक चौकाजवळ पत्र्याच्या खोलीत मामांनी आणि मी गाईच्या दुधाची डेअरी मांडली, तेव्हा गिऱ्हाइकाच्या लेखी पिवळं दूध म्हणजे आजाऱ्याचं नाहीतर बाळाचं, आणि पातळ दूध म्हणजे पाणी मारलेलं. चहावाले कॅनमध्ये डोकावायचे आणि झाकण परत लावायचे. "काय बे हे, ह्याच्यात चहा रंगतो का?"

म्हशीच्या दुधात उतरायची आमची ऐपत नव्हती. वळसंगकडच्या ज्या शेतकऱ्यांशी मामांची ओळख, त्यांच्या दावणीला नुकत्या संकरित गाई आल्या होत्या. मामांची एम-एटी दुचाकी, माझे सात हजार रुपये आणि चाळीस लिटरचे दोन कॅन, हे आमचं भांडवल. पहाटे चारला निघायचं, कुंभारीवरून सहाच्या आत परत. एका बाजूचा कॅन अर्धा असला की गाडी त्या वजनानं कशी ओढते, हे ज्यानं चालवलीय त्यालाच कळेल.

मामांचा जीव हत्यारांवर. दुधातली फॅट मोजायची पहिली पेटी आम्ही जुनी घेतली. आठ नळ्यांचं, हातानं फिरवायचं सेंट्रीफ्यूज. आधी १० मिली गर्बर ॲसिड, म्हणजे गंधकाचं तेजाब, मग पिपेटनं १०.७५ मिली दूध नळीच्या कडेनं हळूच, वर १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून कापडात गुंडाळून हलवलं की नळी हाताला चटका देते. मग फिरवायची, ६५ अंशाच्या पाण्यात धरायची आणि पिवळी रेघ डोळ्यांसमोर आणून वाचायची. मामांच्या एकूण एक सदऱ्याला ॲसिडची भोकं होती. मामी म्हणायची, "ह्यांचे सदरे चाळणीला वापरते." आता मशीनमध्ये दूध टाकलं की मिनिटभरात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), पाणी सगळं छापून येतं. येऊ दे. पण नवीन पोरांना माझं सांगणं आहे, एक ब्युटिरोमीटर, म्हणजे ती फॅटची नळी, घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा मशीनचा खोटेपणा तपासा. दुधातलं पाणी ओळखायच्या लॅक्टोमीटरचंही तेच. गार दुधात त्याची डिग्री चढते, हे दूध घालणाऱ्याला तुमच्याआधी कळलेलं असतं.

आता अक्का. पूर्वभागातल्या, घरी तेलुगू, नवरा यंत्रमागावर, स्वतः विड्या वळायच्या. १९९५ पासून रोज एक लिटर गाईचं दूध, रतीब एक दिवस चुकला नाही. गंमत अशी, की माझं सगळ्यात जुनं हे गिऱ्हाईक दूध पीतच नाही! "दूध पिलं की पोटात गुडगुड होतंय, पेरुगू केलं की काय होत नाही," असं पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं. पेरुगू म्हणजे दही. पुढं माझा मुलगा शिकला तेव्हा कळलं, की दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज मोठेपणी पुष्कळांच्या पोटात कमी होतं आणि दक्षिणेकडच्या लोकांत तर जास्तच. दह्यात जंतूंनी त्यातली बरीच साखर आधीच खाल्लेली असते. अक्कांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. दूध चांगलं की वाईट म्हणून माझ्या दुकानात जेवढे वाद झालेत, त्यातल्या निम्म्यांचं उत्तर अक्कांच्या त्या एका वाक्यात आहे.

२००३ च्या पावसाळ्यात त्या पातेलं घेऊन दुकानात आल्या. "रात्री लावलं, सकाळी बघितलं तर दूधच हाय." मी म्हटलं, हवा गार आहे, विरजण जुनं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीकडच्या म्हशीच्या दुधात तेच विरजण लावून आणलं. घट्ट, सुरी लावावी असं. पातेलं काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

फॅट बरोबर होती. डिग्री बरोबर होती. आयोडीन टाकून बघितलं, पीठ नाही. मामा मात्र गाडी काढून गावागावांत फिरले आणि संध्याकाळी उत्तर घेऊन आले. एका घरची गाय दगडीनं, म्हणजे कासेच्या सुजेनं, आजारी होती, तिच्या सडात औषधाच्या ट्यूबा सोडल्या होत्या आणि त्याच संध्याकाळचं दूध आमच्या कॅनमध्ये आलं होतं. ते औषध गाईच्या कासेतले जंतू मारतं आणि विरजणातलेही. चूक त्या शेतकऱ्याची म्हणायची तर आधी आमची, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं. अकरा घरांचे तीन दिवसांचे पैसे परत दिले. तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक घालणाऱ्याच्या दुधाची एक वाटी आठवड्यातून दोनदा विरजणाला लागते. सकाळी ज्याची वाटी पातळ, त्याच्या गोठ्यात आम्ही दुपारी.

मधल्या पंधरा वर्षांत लिहिण्यासारखं काही नाही. बल्क कूलर आला, पत्रे जाऊन स्लॅब पडला, मुलानं डेअरीचा डिप्लोमा केला, मामा गेले.

२०१८ साली तो आला. नाव लिहीत नाही. पुण्यात नोकरी करून परतलेला, चुणचुणीत, बोलायला गोड. त्यानं जुळे सोलापुरात काचेच्या बाटलीत देशी गाईचं 'ए-टू' दूध सुरू केलं, १०० रुपये लिटर. माझा भाव तेव्हा ४४. भावाबद्दल माझी तक्रार नाही, देशी गाय दूध कमी देते, तिचा खर्च निघाला पाहिजे. तक्रार त्याच्या भाषणांची. अपार्टमेंटच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सांगायचा, जर्सी-एचएफ या परदेशी जातींच्या गाईंचं दूध म्हणजे विष, त्यानं मधुमेह होतो, मुलं मंद होतात, कॅन्सर होतो. वर म्हणायचा, दूध तापवू नका, धारोष्ण प्या. अहो, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, क्षय होतो! हे सांगायला कुणी हॉल दिला नाही मला.

पाच महिन्यांत जुळे सोलापुरातला माझा रतीब ३१० लिटरवरून ११५ वर आला. वीस-वीस वर्षांची घरं. एक शिक्षिका तर हिशेब चुकता करताना म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं." काय सांगायला हवं होतं?

मुलानं रात्री बसवून मला समजावलं. बीटा-केसिन म्हणून दुधात एक प्रथिन असतं, २०९ दुव्यांची साखळी. ६७ व्या जागी प्रोलीन असेल तर ए-टू, हिस्टिडीन असेल तर ए-वन. ए-वन पचताना बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटतो आणि सगळा आरोप त्या तुकड्यावर. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २००९ साली तोवरचा सगळा अभ्यास तपासला आणि हा तुकडा आजाराला कारण ठरतो असं सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष दिला. काही लोकांना ए-टू पिऊन पोट हलकं वाटतं, असं छोट्या चाचण्यांत दिसलंय. असेल, मी नाही म्हणत नाही. पण मग म्हशीचं दूधही ए-टूच की! आपली पंढरपुरी म्हैस पिढ्यान्‌पिढ्या ए-टू देतेय, तलवारीसारखी शिंगं घेऊन, दुष्काळात कडब्यावर. तिच्यासाठी कुणी प्रोजेक्टर लावला नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद पडली, दूध मातीमोल झालं, ते सगळ्यांनीच सोसलं. २०२२ ला गुरांचा लम्पी रोग आला. लम्पी माणसाला होत नाही, तरी लोकांनी गाईचं दूधच सोडलं. आमचे शेतकरी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून घेत होते आणि इकडं गिऱ्हाईक विचारत होतं, "म्हशीचं आहे का?" त्याच दिवसांत एका रात्री साडेनऊला तो माझ्या दारात. त्याच्या गोठ्यातल्या गाई बसल्या होत्या. म्हणाला, "काका, साठ लिटर मिळेल का? घरी कार्यक्रम आहे." दिलं. रोख घेतलं आणि पावतीवर 'गाय, संकरित' असं ठळक लिहून त्याची सही घेतली. पुढं त्या दुधाचं त्यानं काय केलं ते मी बघितलं नाही, म्हणून लिहीत नाही. पावती गल्ल्यात आहे.

मग २०२४ चा ऑगस्ट. २१ तारखेला एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, आदेश काढला, की दुधाच्या पाकिटावर ए-वन, ए-टू असे दावे करू नका. मला एवढा आनंद झाला, की नऊशे रुपयांचा फ्लेक्स करून दुकानावर लावला. २६ तारखेला आदेश मागं! त्यानं मला ती बातमी पाठवली, खाली हात जोडल्याचं चित्र. तो फ्लेक्स आता पेंडीच्या पोत्यांवर आहे.

ते बरंच झालं म्हणा, कारण खरी काळजी त्या पेंडीतच आहे. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पाहणीत देशभरातल्या ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळं असुरक्षित निघाले फक्त १२. पण अफ्लाटॉक्सिन एम-१ नावाचं विष मर्यादेच्या वर ३६८ नमुन्यांत. हे येतं बुरशी लागलेल्या चाऱ्यातून, पेंडीतून, आणि दूध तापवून जात नाही. गाईला वशिंड आहे की नाही हे विचारणारे शंभर भेटतात. पेंड कोरडी होती का, हे तीस वर्षांत एकानं विचारलेलं नाही.

एका गिऱ्हाइकाचा मुलगा, पुण्यात शिकायला, दूधच सोडा म्हणतो. त्यानं मला २०१४ चा स्वीडनचा अभ्यास दाखवला. दिवसाला तीन ग्लास किंवा जास्त दूध पिणाऱ्या बायकांत मृत्यूही जास्त आणि हाडं मोडणंही कमी नाही. माझ्या मुलाकडून मी तो पूर्ण वाचून घेतला. दही-चीज खाणाऱ्यांत उलटं चित्र होतं आणि लिहिणारेच म्हणतात, निष्कर्ष जपून काढा. २०१८ चा दुसरा मोठा अभ्यास २१ देशांतल्या १,३६,३८४ लोकांचा, त्यात भारतही होता. दूधदुभतं जास्त खाणाऱ्यांत मृत्यू कमी निघाले. मी त्या पोराला म्हटलं, बाबा, स्वीडनची बाई तीन ग्लास पिते, आमच्या पूर्वभागातली बाई तीन कप चहात मिळून अर्धा ग्लास. हैदराबादची पोषण संस्था मोठ्या माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगते. तीनशे मिली गाईच्या दुधातून साधारण साडेतीनशे मिळतं. दूध सोडायचं तर सोड, पण नाचणी आणि तीळ आईच्या डब्यात आहेत का ते आधी बघ. आणि आयांनो, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो : सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध, आणि नंतरही पोराचं पोट नुसत्या दुधानं भरू नका. दुधात लोह जवळजवळ नसतंच. दूध विकणारा सांगतोय म्हणून तरी ऐका.

जुळे सोलापुरातली घरं थोडी थोडी परत आली. ती शिक्षिकाबाई नाही आली. मुलगा म्हणतो, पप्पा, आपल्याकडंही सहा खिलार गाईंचं दूध येतं, वेगळं काढू, बाटलीत भरू, ए-टू लिहू. लोक मागायलेत. नमुन्याच्या चार बाटल्या त्यानं मागवल्याही. मी एकीत गर्बर ॲसिडचं माप ठेवलंय, त्यावरून आमची बोलाचाली बंद आहे.

अक्का ऐंशीच्या पुढं गेल्या, विड्या कधीच सुटल्या. आता रोज अर्धा लिटर, न्यायला नात येते. परवा तिच्याबरोबर निरोप आला, बुधवारचं दही जरा सैल लागलं. मशीनची छापील चिठ्ठी बघितली, सगळं बरोबर. बुधवारी सकाळच्या कॅनमध्ये कुणाकुणाचं दूध होतं, ते वहीत शोधायला बसलोय.