हे आल्यावर बघू

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असायचा, वर लिहिलेलं "हे आल्यावर". त्याखाली गिझर, पाण्याची टाकी धुणे, सातबाऱ्याचं काम, धाकट्याची सायकल, आणि मधेच कुठंतरी "माझी दाढ". ती दाढ त्या कागदावर दोन सुट्ट्या टिकली.

फौजीच्या घरातल्या बायकांना हे सांगायला नको. जवानाला वर्षाला 60 दिवस एएल (वार्षिक रजा) आणि 30 दिवस सीएल (किरकोळ रजा) कागदावर असते, पण ती कधी आणि किती तुकड्यांत मिळेल ते तिकडं ठरतं, आणि मिळाली की पहिले चार दिवस पाहुणे, मग गावची यात्रा, मग कुणाचं तरी लग्न, मग आत्यांना (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) डोळ्याच्या डॉक्टरकडे नेणं, रोज मटणाचा रस्सा, आणि शेवटचे तीन दिवस लाडू चिवडा करून काळी पेटी भरणं. ह्यात दाढ कुठं बसणार.

लवंग धरून धरून दोन वर्षं काढली आणि 2025 च्या जुलैत एका रात्री गाल असा सुजला की सकाळी पोरगी म्हणाली मम्मी तू एका बाजूने हनुमान दिसतीयस. गेले एकदाची. डॉक्टर म्हणाले, ताई, आधी आला असता तर सिमेंट भरून भागलं असतं, आता काढावी लागेल, आणि काढायच्या आधी रक्त तपासून आणा. हिमोग्लोबिन आलं 7.9! जिना चढताना दम लागायचा, भांडी घासताना डोळ्यापुढे अंधारी यायची, मी आपली म्हणायचे वय झालं. वय 34. दाढ तशीच ठेवून आधी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि चहा त्यांच्यापासून लांब ठेवायचा, ज्यातला चहाचा भाग मला सगळ्यात जड गेला.

आता कुणी म्हणेल एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला, का नाही गेलीस, तिथं तर फुकट. कार्ड आहे की माझ्याकडं. पण साताऱ्याहून खडकी म्हणजे पहाटेची एसटी, खंबाटकी, स्वारगेट, तिथून पुढं, लाईन, आणि परत येईस्तोवर अंधार, आणि पोरं कुणाकडं? 2023 पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे त्यामुळे प्रश्न पैशाचा नव्हताच, आख्ख्या दिवसाचा होता. शेवटी गावातच पैसे भरून केलं.

ह्यांना मात्र काही सांगितलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून एकच ऐकलंय, त्यांच्या हातात बंदूक असते, डोक्यात घरचं नको. मला ते पटतं पण. पण मग असं होतं की फोनवर आपण रोज "सगळं मजेत" म्हणतो, ते तिकडून "सगळं मजेत" म्हणतात, आणि दोघंही खोटं बोलतोय हे दोघांनाही माहीत असतं.

आमच्या जिल्ह्यात फौजेचं कौतुक लई. अपशिंग्याचं नाव सगळ्यांना माहीत असेल, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले आणि गावाच्या नावापुढं मिलिटरी लागलं ते आजतागायत. 15 ऑगस्टला आम्हाला पण स्टेजवर बोलवतात, नारळ साडी देतात, वीरपत्नी वीरमाता अशी भाषणं होतात. खरं सांगू, मला त्या साडीपेक्षा कुणी "तू दुपारी जेवलीस का" विचारलेलं जास्त आवडेल.

ज्या दिवसांत मला सगळ्यात जास्त सांभाळलं गेलं ते दिवस सगळ्यात वाईट होते. मे 2025. सोमवारी आत्यांनी कुरडयांचा गहू भिजत घातला होता, रोज पाणी बदलायचं, तीन दिवसांनी दळायचा. बुधवारी 7 तारखेला पहाटे उठले तर फोन मेसेजनी भरलेला, ऑपरेशन सिंदूर. हे वर बॉर्डरकडं होते, कुठं ते मी विचारत नाही. फोन लागत नव्हता. टीव्हीवर सायरन वाजत होते, गुरुवारी रात्री तर कुठलं बंदर उडवलं कुठलं शहर घेतलं काय काय दाखवलं, त्यातलं बरंच नंतर खोटं निघालं. मी रिमोट हातात धरून भिंतीला टेकून बसलेली. आत्यांनी येऊन टीव्हीची पिनच काढली आणि म्हणाल्या, चीक आंबला तर कोण खाणार, ऊठ.

शुक्रवारी सकाळी गच्चीवर आत्या, मी आणि वरच्या मजल्यावरच्या ताई, त्यांचे मिस्टर पण फौजेत. उकळत्या पाण्यात चीक ओतताना एकीनं ओतायचा आणि दुसरीनं लाटण्यानं हाटत राहायचं, थांबलं की गुठळी झालीच, त्यामुळे दुसरा विचार करताच येत नाही. मग गरम गरम सोऱ्यात भरून साडीवर कुरडया पाडायच्या, हात भाजतात. वर आभाळ भरून आलेलं, त्या मे महिन्यात अवकाळीनं लोकांची वाळवणं नासली होती, त्यामुळे आम्ही तिघी लढाईपेक्षा पावसाची जास्त काळजी करत होतो. ताई मधेच रडल्या. कुणी काही बोललं नाही, आत्यांनी वाटीत चीक, दूध आणि साखर घालून त्यांच्या हातात दिली. शनिवारी संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली आणि रविवारी दुपारी फोन, चाळीस सेकंद. म्हणाले, कुरडया झाल्या का?

त्यानंतरही कित्येक महिने रात्री झोप नव्हती. फोन उशाखाली, वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. दाढेच्या गोंधळानंतर ताईंनी 14416 नंबर दिला, टेलि मानस, मनाच्या त्रासासाठी बोलायचा, सरकारचा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फौजेतल्यांसाठी त्याचा वेगळा सेल डिसेंबर 2023 मध्ये पुण्यात एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) सुरू झालाय हे पण मला तेव्हाच कळलं. दोन दिवस नंबर नुसता बघत होते, वेड्यांचा नंबर असेल वाटायचं. मग एका दुपारी पोरं शाळेत असताना लावला आणि पहिली पाच मिनिटं नुसती रडले, पलीकडची बाई गप्प ऐकत होती. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण त्या रात्रीपासून फोन उशाखाली न ठेवता शोकेसवर, आवाज मोठा करून. एवढ्यानं निम्मी झोप परत आली.

दिवाळीनंतर हे आले आणि ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पाकिटं सापडली, मग काय, दोन दिवस घुमे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी तिकडं तू मजेत आहेस धरून चालतो, उद्या काही झालं तर मला शेजाऱ्यांकडून कळणार का? मग ठरलं की अॅडमिट व्हायची वेळ आली, रिपोर्ट वाईट आला तर सांगायचं, पोरांची भांडणं आणि गिझर नाही सांगायचा. आणि ताईंशी पण ठरलं, गुरुवारी संध्याकाळी माझी दोघं त्यांच्याकडं, शनिवारी त्यांचा एक माझ्याकडं. गुरुवारचे ते दोन तास मी काय करते? अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून येते, कधीकधी नुसती झोपते.

दाढ निघाली डिसेंबरात. आता तिच्या शेजारचीला कीड आहे म्हणे, मंगळवारची वेळ घेतलीय, सिमेंट भरायला. हे येणार पुढच्या महिन्यात. टाकी तेवढी त्यांच्यासाठी ठेवलीय.