यवतेश्वरच्या घाटात पेटलेले तळवे

साताऱ्यात समर्थ मंदिर मागे टाकून सायकल कासच्या रस्त्याला लागली की चढ सुरू. दम लागतोच, त्याची तक्रार नाही. माझं दुखणं वेगळं होतं. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पायात पळायचे बूट होते, मस्त मऊ. तिथंच घोडं पेंड खात होतं. मऊ सोल पेडलवर वाकतो आणि सगळा जोर चवड्याच्या एवढ्याशा जागेवर येतो. कडक सोल तोच भार पसरवतो.

एवढं कळल्यावर मी उत्साहाने महागडी चूक केली. कार्बन सोलचे, वजनाला हलके असे सायकलचे बूट ऑनलाइन मागवले, रोजच्याच नंबरचे. घरात घालून पाहिले, जरा घट्ट वाटले. म्हटलं, होतील सैल. चामड्याची चप्पल सैल होते हो, कार्बन कसला होतोय! सज्जनगडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. ते परत करून एक नंबर मोठे घेतले. रुंदीला तरीही कमीच, आणि लांबी मात्र जास्त. चढावर सीटवरून उठलं की टाच बुटातून निसटायची. दोन्ही टाचांना फोड आले.

डोळे उघडले ते राजवाड्याजवळच्या एका चपला शिवणाऱ्या काकांनी. चपलेचा अंगठा तुटला म्हणून गेलो होतो. पायाकडे बघून म्हणाले, "सर, तुमचा पाय लांब नाही, आडवा आहे."

घरी येऊन मुलीच्या वहीचं पान भिंतीला लावलं, टाच भिंतीला टेकवली आणि बायकोकडून पेन्सिलीनं पाय काढून घेतला. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभर वर्गात उभं राहून पाय फुगलेले असतात. डावा 26.4 सेंटीमीटर, उजवा 26.1. रुंदी 10.8! निम्मं बालपण अनवाणी आणि उरलेलं चपलेत गेलेला पाय; बोटं पसरणारच.

पुढची खरेदी पुण्याला जाऊन, पायात घालूनच केली. बुटातलं आतलं पॅड काढायचं, जमिनीवर ठेवायचं आणि त्यावर उभं राहायचं. पाय बाहेर सांडत असेल तर तो बूट आपला नाही. तीन जोड्या अशाच बाद झाल्या. शिमानो कंपनीचे काही बूट रुंद मापातही मिळतात. त्यातला 42 बसला: टाच पकडलेली, बोटं मोकळी. सोल नायलॉनचा. दुकानदार कार्बनकडे वळवत होता, पण हातानं वाकवून पाहिला तर हाही वाकेना. मला शर्यती मारायच्या नाहीत.

नंतर क्लीट, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारा तुकडा. बुटाच्या तळाला तीन भोकं असतात, त्यात बसते. शिमानोच्या पिवळ्या क्लीटला टाच 6 अंश हलू शकते, लाल जवळजवळ जखडून टाकते. गुडघ्याचा विचार करून पिवळी घेतली. आधी अगदी चवड्याच्या हाडाखाली लावली होती, तर जळजळ थोडी उरलीच. चार-पाच मिलिमीटर टाचेकडे सरकवली आणि थांबली. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही, देव जाणे.

पहिल्याच आठवड्यात पोवई नाक्यावर पाय सोडवायचा विसरलो आणि उभ्या सायकलसकट आडवा झालो. रिक्षावाल्यानं उचललं. चहाच्या टपरीवरच्या ओल्या फरशीवरही क्लीट घसरते, त्यामुळे तिच्यावर चढवायच्या रबरी टोप्या खिशात असतात.

आता यवतेश्वर चढताना बूट आवळायची वरची फिरकी एक-दोन टिचक्या सैल ठेवतो, कारण तासाभरात पाय फुगतोच. मोठ्या नंबरचे ते कार्बनचे बूट माळ्यावर आहेत. कुणाचा पाय लांब आणि चिंचोळा असेल तर घेऊन जा.