विमानातल्या जीपीएस रिसीव्हरांची तुलना: माझा अनुभव

या तुलनेचा एम.टेक.चा प्रोजेक्ट ठरला तेव्हा सरांनी बजावलं होतं, "तक्त्यात किती मीटर अचूक, हा रकाना सगळ्यात शेवटी भर." कारण लवकरच कळलं. जागा काढायला चार उपग्रह पुरतात. पण त्यातला एखादा चुकीचं सांगतोय हे ओळखायला पाच लागतात, आणि त्याला वगळून पुढं जायचं तर सहा. विमानातला रिसीव्हर मोबाइलपेक्षा वेगळा पडतो तो इथंच: आपल्यावर कधी विसंबू नये, हे त्यानं वैमानिकाला वेळेत सांगायचं असतं. उतरण्याच्या टप्प्यात त्यासाठी जेमतेम 10 सेकंद असतात.

जुन्या टीएसओ-सी129 (विमानातल्या उपकरणांसाठीचं अमेरिकेचं किमान मानक) प्रमाणे बनलेल्या संचांत चूक ओळखणं सक्तीचं होतं, वगळणं नव्हतं. शिवाय अमेरिकेनं सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड मे 2000 मध्ये बंद केली, तरी ती चालूच आहे असं धरून हे संच हिशेब करतात. त्यामुळं आकाशात पुरेसे उपग्रह असूनही ते 'खात्री नाही' म्हणतात. सी145 आणि सी146 या नंतरच्या मानकांमध्ये हे दोन्ही सुधारलं, वर गगनच्या (जीपीएसच्या चुका सुधारणारी भारताची उपग्रह यंत्रणा) दुरुस्त्याही घेता येतात. सी145 नुसता सेन्सर, तो जागा काढून विमानाच्या संगणकाला देतो. सी146 ला पॅनेलवर स्वतःचा पडदा असतो.

माझे सगळ्यात जास्त दिवस गेले ते आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या थरावर; उपग्रहाचा सिग्नल त्यातून येताना रेंगाळतो. मराठवाड्यावर दिवे लागल्यानंतर हा थर अस्वस्थ होतो, मार्च-एप्रिलमध्ये जास्तच. छत्रपती संभाजीनगरला गच्चीवर अँटेना लावून बसलो, की रात्री आठनंतर एखाद्या उपग्रहाच्या सिग्नलचा आलेख पाण्यावरच्या तरंगासारखा थरथरायचा, खोल खाली जायचा आणि लॉक (रिसीव्हरची त्या सिग्नलवरची पकड) सुटायचा. शेजारचा उपग्रह मात्र खुशाल चालू. एल1 आणि एल5 या उपग्रहाच्या दोन्ही फ्रिक्वेन्सी घेणारा रिसीव्हर या थरातल्या विलंबाचा हिशेब स्वतः करतो, पण या थरथरीवर तो इलाज नाही. तिथं ट्रॅकिंग लूपची, म्हणजे रिसीव्हरमध्ये सिग्नलचा सतत माग ठेवणाऱ्या भागाची, रुंदी कामी येते. अरुंद लूपमध्ये गोंगाट कमी, पण फेज (सिग्नलच्या लहरीची त्या क्षणाची स्थिती) झपाट्यानं बदलली की पकड सुटते. आपल्या अक्षांशांसाठी थोडा गोंगाट सोसून रुंद लूप घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. परदेशी डेटाशीटमध्ये ही रुंदी सहसा छापलेलीच नसते, कंपनीला पत्र लिहून विचारावी लागते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, लहान प्रशिक्षण विमानात कोणता बसवशील? सी146, गगनसह, असं सांगितलं. कारण तिथं वेगळा संगणक नसतो, आणि शिकाऊ वैमानिकाला इशारा समोरच्या पडद्यावरच दिसायला हवा.