इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना निवडताना: माझा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इंग्लंडमधल्या रेडिंगला राहायला आलो, तेव्हा घर आणि मुलीची शाळा यांच्या खालोखाल महत्त्वाचे काम होते ते फॅमिली डॉक्टर शोधण्याचे, कारण नवऱ्याला मधुमेह आहे आणि मुलगी त्या वेळी जेमतेम चार वर्षांची होती. पुण्यात आपण माणूस पाहून डॉक्टर ठरवतो: हाताला गुण आहे का, उगाच गोळ्यांचा मारा करतात का, अवेळी फोन केला तर उचलतात का. इथे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, एकेकटे बसलेले क्वचितच आढळतात. काही डॉक्टर, परिचारिका आणि औषधतज्ज्ञ मिळून एक दवाखाना चालवतात आणि आपले नाव त्या दवाखान्याच्या यादीत लागते. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयातील तज्ज्ञाकडे जायचे तर बहुतेक वेळा जीपींचीच चिठ्ठी लागते. गुडघा दुखला की थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या आपल्या लोकांना हे जाचक वाटते, आणि म्हणूनच ज्या दारातून पुढची सगळी वाट जाते तो दवाखाना कसा चालतो, हे आधी पाहून घ्यावे असे मी ठरवले.

एनएचएसच्या संकेतस्थळावर पोस्टकोड घातला की जवळचे दवाखाने अंतराप्रमाणे दिसतात आणि ते नवीन रुग्ण घेत आहेत की नाही हेही कळते. प्रत्येक दवाखान्याची हद्द ठरलेली असते. हद्दीबाहेरच्या रुग्णांना घेण्याची मुभा २०१५ पासून आहे, परंतु अशा रुग्णाला घरी येऊन तपासण्याचे बंधन त्या दवाखान्यावर नसते, त्यामुळे मी हद्दीतल्याच दवाखान्यांचा विचार केला.

इंग्लंडमधल्या दवाखान्यांची तपासणी केअर क्वालिटी कमिशन ही संस्था करते आणि ‘उत्कृष्ट’, ‘चांगला’, ‘सुधारणा आवश्यक’ किंवा ‘अपुरा’ असा शेरा देते. बहुतेक दवाखान्यांना ‘चांगला’ हाच शेरा मिळालेला असतो, तेव्हा नुसत्या शेऱ्यावरून निवड होत नाही. शिवाय काही अहवाल बरेच जुने असतात आणि मधल्या काळात डॉक्टर बदललेले असू शकतात. मला त्याहून उपयोगी पडली ती दरवर्षी होणारी रुग्णांची पाहणी, जिचे निकाल दवाखान्यागणिक प्रसिद्ध होतात. फोन सहज लागतो का, रिसेप्शनवरची माणसे मदत करतात का, आणि आपल्याला हवे असलेले डॉक्टर भेटतात का, असे साधे प्रश्न त्यात विचारलेले असतात. घराच्या अगदी जवळचा दवाखाना यातल्या शेवटच्या प्रश्नात फारच मागे होता. गूगलवरचे अभिप्राय मीही वाचले, पण रागावलेला माणूस चार ओळी हमखास लिहितो आणि बरा झालेला माणूस कामाला लागतो, एवढे ध्यानात ठेवूनच.

यानंतर मी प्रत्यक्ष जाऊन विचारले, आणि खरा निर्णय तिथेच झाला. मधुमेहाच्या तपासणीसाठी दर वेळी वेगळी व्यक्ती असते का, रक्त इथेच घेतात की रुग्णालयात जावे लागते, लहान मुलाला ताप आला तर त्याच दिवशी कोणी पाहते का, हे माझे प्रश्न होते. जवळच्या दवाखान्यात ‘ज्यांची वेळ मोकळी असेल ते पाहतील’ असे उत्तर मिळाले. थोड्या लांबच्या दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णांसाठी ठरलेली परिचारिका होती, रक्तही तिथेच घेत असत, आणि जुन्या दुखण्यासाठी त्याच डॉक्टरांची वेळ मागता येते, मात्र थांबायची तयारी हवी, असे रिसेप्शनिस्टने स्पष्ट सांगितले. इमारत जुनाट आणि बसायची खोली लहान होती, तरी आम्ही तोच दवाखाना निवडला. दहा-एक मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना आपला पूर्वेतिहास पहिल्यापासून सांगत बसावे लागू नये, याचे मोल मला चकचकीत फर्निचरपेक्षा अधिक वाटते.

नावनोंदणी ऑनलाइन झाली. त्यासाठी पासपोर्ट किंवा पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही आणि तो नाही म्हणून नाव नाकारता येत नाही, असे एनएचएसचे मार्गदर्शन आहे. नाव मात्र पासपोर्टवर आहे तसेच लिहावे, कारण आपले मधले नाव एकदा गाळले आणि एकदा घातले की पुढे नोंदी जुळवताना त्रास होतो. मुलीच्या लसींची पुस्तिका परिचारिकेने बारकाईने पाहिली. पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला गोवर-गालगुंड-रुबेलाचा डोस इथे हिशेबात धरत नाहीत, म्हणून तिला तो पुन्हा द्यावा लागला.

डॉक्टरांना भेटण्याचे पैसे पडत नाहीत, पण औषधांचे पडतात. मे २०२४ पासून इंग्लंडमध्ये हा दर प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड आहे. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सूट मिळते, केवळ पथ्यावर असलेल्याला मिळत नाही. या सुटीचा अर्ज दवाखान्यातूनच जातो, आणि तो कोणी आपणहून पुढे करेल असे गृहीत धरू नये. पहिल्या तपासणीत नवऱ्याचे वजनही निघाले. दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची, धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ धरतात, त्यामुळे पुण्यात ‘ठीक’ म्हटले गेलेले वजन इथे जास्त ठरले, आणि हे त्याला अजून फारसे पटलेले नाही.

येत्या उन्हाळ्यात सासूबाई-सासरे येणार आहेत. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी पाहुण्यांना तात्पुरते रुग्ण म्हणून नोंदवता येते आणि जीपींची तपासणी त्यांनाही विनामूल्य असते. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर मात्र मोठे बिल येऊ शकते, म्हणून प्रवास विमा काढूनच त्यांनी निघावे, असे आम्ही कळवले आहे.