आमची वाटचाल : गावोगावच्या बँकांच्या नोटा

वडील सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशिअर होते. 2006 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जुन्या वस्तूंच्या दुकानात मला दहा डॉलरची एक मोठ्या आकाराची नोट दिसली. डावीकडे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली, मधोमध जवळच्याच गावातल्या बँकेचं नाव आणि खाली कॅशिअरची शाईची सही. वडिलांची आठवण झाली. नोट घेतली आणि अशा नोटांच्या मागे लागलो.

गावोगावच्या बँकांनी स्वतःच्या नावाच्या नोटा काढायची ही पद्धत अमेरिकेत 1863 च्या कायद्याने सुरू झाली. बँकेने सरकारी रोखे वॉशिंग्टनला तारण ठेवायचे, त्या बदल्यात तिच्या नावाच्या नोटा छापून येत. बराच काळ त्या अख्ख्या शीटमध्ये यायच्या. बँकेत सह्या करून कात्रीने कापायच्या, म्हणून कित्येक नोटांच्या कडा तिरक्या. 1900 मध्ये नियम बदलला आणि तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावातही 25 हजार डॉलर भांडवलावर बँक काढता येऊ लागली. छोट्या गावांच्या एवढ्या नोटा दिसतात त्या यामुळेच. 1935 ला हे सगळं थांबलं.

2011 मध्ये नोकरी सोडून मी आणि बायकोने या नोटांच्या खरेदी-विक्रीचाच व्यवसाय सुरू केला. चार्टर नंबरनुसार (सरकारने प्रत्येक बँकेला दिलेला परवाना क्रमांक) नोटांची वही बायकोच ठेवते, आणि आमची खरी पुंजी ती वहीच. नवं गिऱ्हाईक करकरीत नोट मागतं. आम्ही समजावतो, की शिकागोच्या मोठ्या बँकेची कोरी नोट सहज मिळेल. पण ज्या गावाच्या दोनच नोटा उरल्यात, तिथली घड्या पडलेली, मळकी नोट तिच्याहून महाग असू शकते.

तिसऱ्या वर्षी चूक झाली. एका नोटेवरची उडालेली सही कोणीतरी नव्याने गिरवली होती. विकल्यावर दोन महिन्यांनी कळलं. गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे परत दिले. ते वर्ष फार ओढाताणीचं गेलं. तेव्हापासून प्रत्येक नोट अतिनील दिव्याखाली पाहिल्याशिवाय घेत नाही, आणि पिनेचं भोकही वर्णनात लिहितो.

आयोवातल्याच ओकोबोजी गावात याच नोटांना वाहिलेलं हिगिन्स संग्रहालय आहे. तिथे मी तासन्‌तास सह्याच बघतो.

सध्या एका गावच्या वाचनालयासाठी 1902 मालिकेतली पाच डॉलरची नोट शोधतोय. चार्टर नंबर माहीत आहे, कॅशिअरचं नावही. नोट अजून मिळालेली नाही.