स्लूस गेट मॉडेल, चौथा रविवार: गळती थांबली, पाचरीमुळे

स्लूस गेट म्हणजे पाणी अडवायला-सोडायला वर-खाली सरकणारं दार, त्याचं छोटं मॉडेल मी करतेय. मागच्या रविवारी दार नुसतं वर-खाली व्हायला लागलं होतं, या वेळी नेरुळला घरीच बाल्कनीत टाकी भरून पहिली खरी टेस्ट घेतली.

आधी स्क्रूचं सांगते, वरचं चाक फिरवलं की दार उचलतो तो. दार ६ एमएम लोखंडी प्लेटचं, १६ सेंटीमीटर चौरस, भरतं सव्वा किलोला थोडं कमी. मी थ्रीडी प्रिंटरमध्ये असतो तो टी-८ स्क्रू लावलेला, एका फेऱ्यात ८ एमएम सरकणारा, तर दार वर नेऊन चाक सोडलं की चाक आपलं आपण उलटं फिरत दार खाली यायचं. आता फेऱ्याला २ एमएमवाला टाकलाय. आट्यांचा चढ कमी म्हणून दार सोडलं तिथेच थांबतं. फेरे चौपट मारावे लागतात पण चालतंय.

खरी डोकेदुखी गळती. भोक १५ बाय १५, पाणी तळापासून ३० सेंटीमीटर, म्हणजे दारावर साधारण ५ किलोचा जोर. पाणी दाराला फ्रेमवर दाबत होतं तोवर थेंब नाही. मग गेट उलटं बसवलं, पाणी दाराला फ्रेमपासून ढकलायला लागलं आणि सगळीकडून धार. मी चाक पिळत गेले, धार तेवढीच, वर स्पिंडल, म्हणजे तो स्क्रूचा दांडा, मधोमध वाकायला लागला.

तुर्भ्याच्या लेथवाल्या काकांना दाखवलं तर म्हणाले, "अहो ताई, चाक पिळून काय होणार, पाचर कुठाय तुमची?" तेव्हा कळलं. चाक दाराला फक्त खाली दाबतं, फ्रेमला चिकटवायचं काम पाचरीचं, शेवटचे दोन-तीन एमएम उतरताना ती तिरकी घासते आणि दार आडवं सरकून सीलवर बसतं. मग पितळी पट्टी कानशीने घासून दोन्ही बाजूंना दोन-दोन पाचरी केल्या, बोल्टची भोकं लांबट ठेवली. दार आणि फ्रेममध्ये वहीचा कागद धरायचा, सहज निघाला की ती पाचर अजून थोडी आवळायची. चारही कोपरे जमायला तीन तास गेले. आता उलट्या बाजूने पाणी भरून पण सील कोरडं, हात फिरवून फिरवून बघितलं!

आपल्या नवी मुंबईच्या होल्डिंग पाँडच्या (पावसाचं पाणी साठवायच्या तलावांच्या) फ्लॅप गेटला ही भानगडच नाही, वर बिजागरी, खाडीची भरती आली की पाणीच झाकण दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून बाहेर जातं. ते पुढे करणारच आहे. त्याआधी स्पिंडलला मधे आधाराला एक गाईड ब्रॅकेट लावायचाय, कारण दार उचलताना तो ताणला जातो तेव्हा सरळ राहतो, बंद करताना दाबला जातो तेव्हाच वाकतो.