बेकर रायफलीचा पाव वेढा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेभावाने लिलावात घेतलेल्या एका चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या) बंदुकीची छायाचित्रे पाठवली, तेव्हा घोड्यामागच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ हा शब्द कोरलेला पाहून ती लंडनच्या टॉवरमध्येच घडवली असावी, असे आम्ही दोघांनीही गृहीत धरले. ते चुकीचे होते. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या खासगी कारागिरांकडून घेतलेल्या सरकारी मालावरही हाच शब्द असे.

लिलावाच्या यादीत तिला नुसती ‘जुनी बंदूक’ म्हटले होते; नळीच्या तोंडाचे जवळून घेतलेले छायाचित्र मागवले, तेव्हा आत सात आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, मोजता आले. नळी ३० इंचांची, व्यास सुमारे ०.६२५ इंच आणि दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी झाकणाचा खण. ही सारी लक्षणे व्हाइटचॅपलच्या इझिकिएल बेकर यांच्या रायफलीची आहेत. १८०० मध्ये वूलिच येथे झालेल्या चाचणीनंतर ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली आणि पुढे ९५व्या पलटणीच्या हाती ती नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत गाजली.

खात्रीसाठी आणखी एक गोष्ट पाहायची होती: हे आटे नळीच्या लांबीत किती वेढा घेतात. मात्र त्याआधी गज नळीत घालून त्याची आतली लांबी बाहेरून ताडून पाहा, असे मी त्याला बजावले, कारण जुन्या बंदुकांत शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची दारू आणि गोळी तशीच राहिलेली सापडते. नळी रिकामी होती. मग गजाच्या टोकाला घट्ट चिंधी बांधून तो हळूहळू आत सरकवला, तेव्हा आट्यांबरोबर वळत तळाशी पोहोचेपर्यंत त्याची मूठ जेमतेम पाव वेढा फिरली; बेकर रायफलीचे आटे एवढेच वळतात.

मला या रायफलीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. त्या काळच्या अनेक रायफलींच्या नळीत आट्यांचा वेढा याहून बराच जास्त असे. त्याने गोळीला फिरकी अधिक मिळते, परंतु काळ्या दारूची काजळी साचली की तेल लावलेल्या चामड्यात गुंडाळलेली गोळी आत ठोकताना शिपायाचा जीव मेटाकुटीला येतो. बेकर यांनी फिरकी थोडी सोडली आणि भरण्याची सोय राखली. चामड्याचे ते तुकडे दस्त्यातल्या पितळी खणात ठेवत; मामेभावाने तो उघडला, तर आत फक्त हिरवट गंज होता.